डिरेक्टरी सर्व्हरचा डेटाबेस टर्मिनलवरून सांभाळताना

संस्थेतल्या प्रत्येकाचं एकच खातं, आणि त्याच नावा-पासवर्डावर वाय-फाय, ईमेल, व्हीपीएन, लायब्ररीचं पोर्टल सगळं उघडतं. ही सोय ज्याच्या जिवावर चालते तो डिरेक्टरी सर्व्हर. तो सुरळीत चालू असतो तोवर कुणाला त्याचं नावही ठाऊक नसतं. बंद पडला की सगळे दरवाजे एकदम बंद होतात आणि सगळे फोन एकाच माणसाला येतात. हा माणूस बहुतेक वेळा सर्व्हर उभा करणारा नसतो. ज्याने उभा केला तो नोकरी बदलून गेलेला असतो, आणि नव्याच्या हाती येते ती एक वेब स्क्रीन आणि एक पासवर्ड. रोज नवी खाती उघडायला, जुनी बंद करायला ती स्क्रीन पुरते. पण ती स्वतः सर्व्हरला विचारूनच चालते, त्यामुळे सर्व्हरच उठत नसेल तेव्हा तीही उघडत नाही. मग उरतो टर्मिनल, आणि त्यावरच्या डझनभर कमांड. त्या कमांड नेमकं काय करतात, आणि कुठली केव्हा चालवायची नाही, हे या लेखात सांगायचं आहे.

उदाहरणासाठी ओपनएलडॅप हा डिरेक्टरी सर्व्हर घेतो, कारण लिनक्सवर तो सर्रास भेटतो आणि त्याची रचना उघडी असल्यामुळे शिकायलाही बरा. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं वापरून लिहायची.

थोडी पूर्वपीठिका. दूरसंचार कंपन्यांच्या जगात 1988 साली एक्स.500 नावाचं डिरेक्टरीचं मानक आलं. ते इतकं अवजड होतं की साध्या संगणकाला पेलायचं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टिम हॉवेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच डिरेक्टरीपर्यंत पोहोचायचा हलका मार्ग तयार केला, तो एलडॅप. त्याचं पहिलं अधिकृत वर्णन 1993 मध्ये प्रसिद्ध झालं. आज आपण वापरतो ती तिसरी आवृत्ती डिसेंबर 1997 ची. मिशिगनमध्येच पुढे स्लॅपडी नावाचा स्वतंत्र सर्व्हर लिहिला गेला, आणि तोच कोड हाती घेऊन 1998 मध्ये कर्ट झायलेंगा यांनी ओपनएलडॅप प्रकल्प सुरू केला. म्हणूनच आजही त्याच्या देखभालीच्या कमांड स्लॅप या अक्षरांनी सुरू होतात: स्लॅपकॅट, स्लॅपॲड, स्लॅपइंडेक्स, स्लॅपटेस्ट.

आत माहिती झाडासारखी रचलेली असते. वर संस्था, तिच्याखाली विभाग, विभागाखाली माणसं. प्रत्येक नोंदीला मुळापर्यंतचा पूर्ण पत्ता असतो, त्याला डीएन म्हणतात. हे झाड डिस्कवर कुठेतरी ठेवायला लागतंच. पूर्वी त्यासाठी बर्कली डीबी हा डेटाबेस वापरत. त्याचे लॉग, त्याच्या कॅशचे आकडे जुळवणं, अचानक वीज गेल्यावर रिकव्हरी चालवणं, यात ॲडमिनचा जीव मेटाकुटीला यायचा. ओपनएलडॅपचे मुख्य रचनाकार हॉवर्ड चू यांनी 2011 मध्ये एलएमडीबी हा नवा डेटाबेस आणला, आणि 2021 मध्ये आलेल्या 2.5 आवृत्तीत बर्कली डीबीचा आधार काढूनच टाकला. आज नव्या सर्व्हरवर माहितीच्या फोल्डरमध्ये डोकावलात तर फक्त दोन फाइली दिसतात, एक माहितीची आणि एक कुलपाची. एवढ्याशा या फोल्डरवर अख्ख्या संस्थेचं लॉगिन उभं असतं.

आता मुद्द्याचं. या सगळ्या कमांड दोन जातींच्या आहेत, आणि कुठली कोणत्या जातीची हे डोक्यात पक्कं नसेल तर बाकी सगळं पाठ असून उपयोग नाही. तलाठी कार्यालयाचा विचार करा. खिडकीवर अर्ज दिला की तलाठी तुमची ओळख पाहतो, मागितलेला उतारा तुम्हाला द्यायचा की नाही ठरवतो, फेरफार नियमात बसत असेल तरच नोंदवतो. दुसरा मार्ग म्हणजे कपाटाचं कुलूप उघडून दप्तर थेट हातात घ्यायचं. तिथे अर्ज नाही, विचारणा नाही. मात्र तलाठी त्याच वहीत लिहीत असताना तुम्हीही लिहायला लागलात तर वहीचं काय होईल ते सांगायला नको.

एलडॅप या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कमांड, म्हणजे एलडॅपसर्च, एलडॅपॲड, एलडॅपमॉडिफाय, एलडॅपडिलीट, या खिडकीवरच्या. त्या नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलतात. सर्व्हर चालू असलाच पाहिजे, पासवर्ड लागतो, हक्कांचे नियम लागू होतात, आणि दुसऱ्या गावातल्या लॅपटॉपवरूनही त्या चालतात. स्लॅप या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कमांड कपाटाच्या. त्या सर्व्हरला काही विचारत नाहीत, थेट डेटाबेसच्या फाइली उघडतात. पासवर्ड नाही, हक्कांचे नियम नाहीत. फाइलवर परवानगी असली की झालं. म्हणून त्या फक्त सर्व्हर असलेल्या मशीनवरच चालतात, आणि म्हणूनच त्यांतल्या लिहिणाऱ्या कमांडसाठी सर्व्हर आधी बंद करावा लागतो.

दोन्ही जातींना जोडणारी गोष्ट म्हणजे एलडिफ. नोंदी साध्या मजकुरात लिहायची ही पद्धत 2000 साली प्रमाणित झाली. बाहेर काढलेली माहिती एलडिफमध्ये येते, आत घालायची ती एलडिफमध्येच द्यावी लागते. दूरध्वनी क्रमांक बदलायचा असेल तर फाइल अशी दिसेल (खरी फाइल अर्थातच रोमन अक्षरांत):

डीएन: यूआयडी=सविता,ओयू=कर्मचारी,डीसी=उदाहरण,डीसी=कॉम
चेंजटाइप: मॉडिफाय
रिप्लेस: टेलिफोननंबर
टेलिफोननंबर: 2045

एका नोंदीनंतर एक कोरी ओळ, मग पुढची नोंद. एकाच नोंदीत दोन बदल असतील तर मध्ये नुसता डॅश असलेली ओळ. लांब ओळ तोडली तर पुढच्या ओळीची सुरुवात एका जागेने करायची, म्हणजे ती आधीच्या ओळीचाच भाग धरली जाते. नवख्यांचे निम्मे घोटाळे इथेच होतात. कुठून तरी कॉपी करताना ओळीच्या सुरुवातीला एक जागा येते, डोळ्यांना दिसत नाही, आणि ती ओळ मुकाट्याने वरच्या ओळीला चिकटते. चूक दाखवणारा संदेश भलत्याच गोष्टीबद्दल येतो आणि माणूस तासभर तिथेच अडकतो. एलडिफ लिहिताना एडिटरमध्ये रिकाम्या जागा दाखवायची सोय चालू ठेवा.

मराठी नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाने एलडिफमधली आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. बहुतेक ओळींत नावापुढे एक कोलन असतो, काही ओळींत दोन दिसतात. दोन कोलन म्हणजे पुढचा मजकूर बेस64 मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळलेला आहे. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साधी चिन्हं यांच्या पलीकडचं काहीही आलं की एलडिफच्या नियमानुसार ते असंच गुंडाळावं लागतं, म्हणजे देवनागरीतलं प्रत्येक नाव. बॅकअपमध्ये सविता, प्रकाश, अनघा यांच्या जागी अगम्य अक्षरांची माळ पाहून अनेकांना वाटतं की डेटा खराब झाला. तसं काही नसतं. युटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा तीन बाइट घेते, आणि बेस64 तीन बाइटांची चार अक्षरं करतो. त्यामुळे हिशेब अगदी चोख बसतो. सविता या नावात स, व, िकार, त आणि काना असे पाच घटक, म्हणून बरोबर वीस अक्षरं. शिवाय देवनागरीतलं जवळजवळ कुठलंही नाव गुंडाळलं की पहिली तीन अक्षरं ठरलेली: आकडा 4, मग मोठा के, मग मोठा एस. एकदा नजर बसली की फाइल उलगडून न पाहताही कळतं की ही मराठी नावं जशीच्या तशी शाबूत आहेत. उलगडून पाहायचंच असेल तर ती माळ बेस64 नावाच्याच कमांडला डीकोड करायला सांगायची. ओळी 76 अक्षरांवर तुटलेल्या असतील तर आधी जोडाव्या लागतात. एलडॅपसर्चला ओळी तोडू नकोस असं सांगता येतं, त्यासाठी ओ या पर्यायात (पर्याय म्हणजे कमांडपुढे डॅश लावून दिलेलं अक्षर) एलडिफ-रॅप नो द्यायचं.

खिडकीवरच्या कमांडमध्ये सर्वांत जास्त वापर एलडॅपसर्चचा. शोध झाडाच्या कुठल्या फांदीपासून सुरू करायचा ते छोट्या बी ने सांगायचं, कोण विचारतंय ते मोठ्या डी ने, आणि पासवर्ड विचारून घे असं मोठ्या डब्ल्यू ने. छोटा डब्ल्यू पासवर्ड ओळीतच मागतो. तो वापरू नका. तो शेलच्या (टर्मिनलवर कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) इतिहासात राहतो, आणि कमांड चालू असताना त्याच मशीनवरच्या इतरांना प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो. स्क्रिप्टसाठी पासवर्डची फाइल देता येते, त्यासाठी छोटा वाय हा पर्याय आहे. इथे एक खाच आहे. ही कमांड फाइलमधला सगळा मजकूर पासवर्ड मानते, शेवटचा एंटरसुद्धा. इको कमांडने फाइल बनवली तर तो एंटर आपोआप लागतो, आणि पासवर्ड अगदी बरोबर असूनही सर्व्हर 49 क्रमांकाची चूक परत देतो. फाइल बनवताना प्रिंटएफ वापरा.

चुकांचे क्रमांक पाठ करायची गरज नाही, पण चार-पाच रोज भेटतात. 49 म्हणजे ओळख पटली नाही. नाव चुकलं की पासवर्ड, हे सर्व्हर मुद्दाम सांगत नाही. 50 म्हणजे ओळख पटली पण हक्क नाही. 68 म्हणजे नोंद आधीच आहे. 32 म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. मात्र कधीकधी नोंद असते आणि तुम्हाला तिचा पत्ताही लागू नये असा नियम लावलेला असतो, तेव्हाही 32 च येतो. आणि 4. हा क्रमांक फसवा आहे, कारण तो येतो तेव्हा स्क्रीनवर भरपूर माहिती दिसत असते. ओपनएलडॅप मुळात एका शोधाला 500 नोंदींपर्यंतच उत्तर देतो. हजार विद्यार्थ्यांची यादी मागितली की 500 येतात आणि तळाशी ही चूक. यादी फाइलमध्ये वळवली असेल तर तळाकडे कुणी बघत नाही, आणि अर्धीच यादी पूर्ण समजून पुढे पाठवली जाते.

इथूनच बॅकअपचा विषय सुरू होतो, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ ठिकाणी एलडॅपसर्चने सगळ्या नोंदी काढून ठेवतात आणि त्याला बॅकअप म्हणतात. तो बॅकअप नाही. वर सांगितलेली 500 ची मर्यादा एक झाली. दुसरं, तुमच्या खात्याला जे पाहायचा हक्क आहे तेवढंच तुम्हाला मिळतं. पासवर्ड पाहायचा हक्क नसेल तर बॅकअपमध्ये पासवर्डच नसतात. तिसरं, प्रत्येक नोंदीबरोबर सर्व्हर स्वतःसाठी काही ॲट्रिब्यूट, म्हणजे नोंदीतले रकाने, ठेवतो: नोंद कुणी केली, कधी बदलली, तिचा कायमचा ओळख क्रमांक कोणता. ही माहिती मुद्दाम अधिकचं चिन्ह देऊन मागितल्याशिवाय एलडॅपसर्च देत नाही. तो ओळख क्रमांक धरून दुसरी एखादी प्रणाली आपली खाती जुळवत असेल, तर नव्याने भरलेल्या नोंदींना नवे क्रमांक मिळतात आणि त्या प्रणालीच्या लेखी सगळी माणसं बदललेली असतात.

खरा बॅकअप स्लॅपकॅट देते. ती कपाटातली वही पानापानाने उतरवून काढते, पासवर्डच्या हॅशसकट (हॅश म्हणजे पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप), अंतर्गत ॲट्रिब्यूटसकट. ती फक्त वाचणारी आहे आणि एलएमडीबीवर ती सर्व्हर चालू असतानाही बिनधास्त चालवता येते. याचं कारण एलएमडीबीच्या रचनेत आहे. तो वापरात असलेल्या पानावर कधी खाडाखोड करत नाही. बदल नव्या पानावर लिहितो, आणि सगळं लिहून झालं की शेवटी एकाच झटक्यात नवं पान अधिकृत करतो. त्यामुळे लिहिणारा एक आणि वाचणारे कितीही असले तरी कुणी कुणाला अडवत नाही, आणि वाचायला सुरुवात केली त्या क्षणाचं चित्र वाचणाऱ्याला शेवटपर्यंत तसंच दिसतं. मध्येच वीज गेली तर अर्धवट पान अधिकृत झालेलंच नसतं, म्हणून वेगळी रिकव्हरीही लागत नाही.

मात्र माहितीची फाइल साध्या कॉपी कमांडने उचलू नका. कॉपी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सरकत असते, सर्व्हर तेवढ्यात मोकळी झालेली मधली पानं पुन्हा लिहितो, आणि हातात येते ती दोन वेगळ्या क्षणांची सरमिसळ. फाइलच हवी असेल तर एमडीबी-कॉपी नावाची वेगळी कमांड आहे, ती चालू सर्व्हरवरही नीट प्रत काढते.

स्लॅपकॅटबरोबर एक गोष्ट हमखास विसरली जाते. ओपनएलडॅपमध्ये सर्व्हरच्या सेटिंगचाही एक स्वतंत्र छोटा डेटाबेस असतो, त्याचा क्रमांक 0. त्यात स्कीमा (नोंदीत कुठले ॲट्रिब्यूट चालतात याचे नियम), इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची), हक्कांचे नियम, सर्टिफिकेटचे पत्ते सगळं असतं. माणसांचा डेटाबेस सहसा क्रमांक 1. रोजच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) स्लॅपकॅट दोनदा चालली पाहिजे, एन या पर्यायाने एकदा 0 आणि एकदा 1 देऊन. फक्त माणसांचा बॅकअप असेल तर नव्या मशीनवर तो भरायला गेल्यावर सर्व्हर म्हणतो की हे ॲट्रिब्यूट मला ठाऊक नाहीत, कारण स्कीमाच आलेला नसतो. दोन्ही फाइलींत पासवर्डचे हॅश असतात, म्हणून त्या रूट (मशीनचं सर्वाधिकारी खातं) सोडून कुणाला वाचता येऊ नयेत आणि दुसरीकडे पाठवताना एन्क्रिप्ट करूनच पाठवाव्यात.

सेटिंगचा हा डेटाबेस डिस्कवर साध्या मजकुराच्या फाइलींत दिसतो, त्यामुळे एडिटरने उघडून बदलायचा मोह होतो. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर इशारा लिहिलेला असतो की ही आपोआप बनलेली फाइल आहे, हाताने बदलू नका, एलडॅपमॉडिफाय वापरा. त्याखाली एक चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, असतो. हाताने बदललं की चेकसम जुळत नाही आणि सर्व्हर व स्लॅपटेस्ट दोघेही तशी तक्रार करतात. सर्व्हर चालू असेल तोवर सेटिंग खिडकीवरूनच बदलायची. त्याच मशीनवर रूट असाल तर बहुतेक लिनक्स पॅकेजमध्ये पासवर्डाशिवाय, स्थानिक सॉकेटवरून एक्स्टर्नल पद्धतीने तुमची ओळख पटते.

आता रिस्टोअर. मशीन गेली, नवी आली, हातात दोन एलडिफ फाइली आहेत असं समजा. पहिली गोष्ट, एलडॅपॲडच्या वाटेला जाऊ नका. स्लॅपकॅट नोंदी डेटाबेसमधल्या क्रमाने काढते, त्यामुळे आधी पालक आणि मग मूल असा क्रम फाइलमध्ये असेलच याची खात्री नसते. खिडकीवर मात्र विभागाची नोंद नसताना माणसाची नोंद घेतली जात नाही. शिवाय अंतर्गत ॲट्रिब्यूट बाहेरून लिहायला सर्व्हर नकार देतो. ही फाइल स्लॅपॲडसाठीच असते.

सर्व्हर बंद करा. खरंच बंद झालाय का ते प्रोसेसच्या यादीत पाहा, सिस्टिमसीटीएलने (सेवा सुरू-बंद करायच्या कमांडने) थांबवलं एवढ्यावर विसंबू नका. जुनं फोल्डर पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा आणि त्याच नावाचं नवं रिकामं फोल्डर करा. आधी क्रमांक 0 भरा, मग 1. प्रत्येक वेळी भरण्याआधी छोटा यू हा पर्याय देऊन तालीम घ्या: स्लॅपॲड फाइल पूर्ण वाचते, स्कीमाशी ताडून पाहते, पण लिहीत काही नाही. चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासकट सांगते. तालीम निर्धोक झाली की खरी भरती. नोंदी लाखांत असतील तर क्यू हा पर्याय बराच वेळ वाचवतो, कारण तो तपासण्या गाळतो. पण क्यू चालू असताना कमांड मध्येच तुटली तर तयार झालेला डेटाबेस टाकाऊ समजायचा, आणि पुन्हा रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात करायची. तो तसाच चालवून पाहू नका.

भरती झाली, सर्व्हर चालू केला, आणि तो लगेच पडला. हे इतक्यांदा होतं की ते रिस्टोअरचाच एक टप्पा म्हणून लिहून ठेवावं. स्लॅपॲड तुम्ही रूट म्हणून चालवलेली असते, त्यामुळे नव्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. सर्व्हर मात्र वेगळ्या, कमी हक्कांच्या खात्यावर चालतो. डेबियन आणि उबुंटूवर त्याचं नाव ओपनएलडॅप, रेड हॅटच्या घराण्यात एलडॅप. त्या खात्याला आपलीच फाइल उघडता येत नाही. लॉगमध्ये परवानगी नाकारल्याचा संदेश असतो. सीएच-ओनने दोन्ही फोल्डरची मालकी बदलली की सर्व्हर उठतो. उठल्यावर एलडॅपसर्चने एका ओळखीच्या खात्याची नोंद काढून पाहा आणि त्याच खात्याने लॉगिन करून पाहा. दोन्ही पाहणं गरजेचं, कारण नोंद दिसते पण पासवर्डाचा हॅश आलेला नाही अशीही वेळ येते.

हे सगळं खऱ्या संकटाच्या आधी, एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर, शांतपणे एकदा करून पाहिलंच पाहिजे. भरून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा तरी विश्वास नाही.

इंडेक्सची गोष्ट त्या मानाने सोपी. लॉगिन हळू झालंय अशी तक्रार आली आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये एखाद्या ॲट्रिब्यूटपुढे नॉट इंडेक्स्ड असं लिहिलेलं दिसलं, तर तो ॲट्रिब्यूट शोधायला सर्व्हर प्रत्येक नोंद उघडून बघतोय. ज्याच्यावर लॉगिन शोधलं जातं तो यूआयडी, ईमेल, गटांचे सदस्य यांना इक्वॅलिटी इंडेक्स (पूर्ण मूल्य जुळवून शोधण्यासाठीचा) हवाच. नावाचा तुकडा टाइप करून शोधायची सोय असेल तर नावाला सबस्ट्रिंगही. सगळ्यालाच इंडेक्स लावायचा मोह नको, कारण प्रत्येक इंडेक्स प्रत्येक बदलाच्या वेळी पुन्हा लिहावा लागतो. इंडेक्स दोन मार्गांनी लागतो. एलडॅपमॉडिफायने सेटिंगमध्ये तो जोडला तर सर्व्हर चालू असतानाच मागे काम करून तो बांधतो. पण ते काम संपण्याआधी सर्व्हर बंद केला, तर उरलेलं तुम्हाला स्लॅपइंडेक्सने पूर्ण करावं लागतं. स्लॅपइंडेक्स कपाटाची कमांड, लिहिणारी, म्हणून सर्व्हर बंद ठेवून. आणि नंतर मालकी तपासून.

एलएमडीबीचा एक स्वभाव माहीत नसल्यामुळे चांगले चाललेले सर्व्हर अचानक अडतात. त्याला कमाल आकार आधी सांगून ठेवावा लागतो, आणि ओपनएलडॅपमध्ये काहीच सांगितलं नाही तर तो फक्त 10 एमबी धरतो. तेवढी जागा भरली की वाचन व्यवस्थित चालू राहतं, लॉगिन होत राहतं, पण नवी नोंद किंवा पासवर्डबदल होत नाही, आणि लॉगमध्ये मॅप फुल असं येतं. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असतात, त्यामुळे जागेचा संशयही येत नाही. एमडीबी-स्टॅट कमांडला ई हा पर्याय दिला की एकूण किती पानांची परवानगी आहे आणि किती वापरली ते दोन ओळींत दिसतं. कमाल आकार सेटिंगमधून वाढवता येतो, आणि तो सढळ हाताने द्यावा. ती वरची मर्यादा आहे, तेवढी जागा लगेच अडवली जाते असं नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. हजारो जुनी खाती पुसली तरी फाइल लहान होत नाही. मोकळी पानं आतच राहतात आणि पुढच्या नोंदींना वापरली जातात. फाइल खरोखर आटवायची असेल तर एमडीबी-कॉपीला सी हा पर्याय देऊन दाबून बसवलेली नवी प्रत काढायची, आणि सर्व्हर बंद करून ती जुनीच्या जागी ठेवायची.

तुमच्याकडे ओपनएलडॅप नसून 389 डिरेक्टरी सर्व्हर असेल, तर नावं वेगळी, विभागणी तीच. हा सर्व्हर नेटस्केपचा वारस. रेड हॅटने 2004 मध्ये तो विकत घेतला, पुढच्या वर्षी फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुला केला, आणि 2009 पासून त्याला एलडॅपच्या पोर्टचा क्रमांक हेच नाव मिळालं. फ्रीआयपीए या खाती सांभाळायच्या प्रणालीच्या पोटातही हाच आहे. इथे डीएससीटीएल ही कपाटाची कमांड: सर्व्हर सुरू-बंद करणं, बंद असताना डीबी-टू-एलडिफने माहिती काढणं, एलडिफ-टू-डीबीने भरणं, डीबी-टू-इंडेक्सने इंडेक्स बांधणं. डीएसकॉन्फ ही खिडकीची: चालू सर्व्हरलाच सांगायचं की तू स्वतः एक्सपोर्ट कर, बॅकअप घे. डीएसआयडीएम माणसांच्या आणि गटांच्या नोंदींसाठी. जुन्या आवृत्तीत ही विभागणी ओळखणं अवघड होतं, कारण एकाच नावाच्या दोन स्क्रिप्ट असत, आणि शेवटी पीएल लागलेली तेवढी चालू सर्व्हरशी बोलणारी. नव्या आवृत्तीत नावच वेगळं असल्यामुळे निम्मा धोका टळला. डीएससीटीएलमध्ये हेल्थचेक नावाची सोय आहे, ती सर्टिफिकेटची मुदत, रेप्लिकेशन (सर्व्हरांच्या प्रती जुळत्या ठेवणं), इंडेक्स अशा गोष्टी तपासून काय बिघडलंय ते सांगते. 389 सांभाळणाऱ्याने ती नेमाने चालवावी.

शेवटी रेप्लिकेशन. दोन सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत असतील तर ते खरोखर जुळलेले आहेत का, हे वेब स्क्रीनवर डोळ्यांनी पाहून कळत नाही. ओपनएलडॅपमध्ये झाडाच्या मुळाच्या नोंदीवर कॉन्टेक्स्ट-सीएसएन नावाचा अंतर्गत ॲट्रिब्यूट असतो. दोन्ही सर्व्हरना एलडॅपसर्चने, फक्त मुळाच्या नोंदीपुरता, तोच विचारायचा. उत्तर 20250114043000 असं सुरू होतं: वर्ष 2025, महिना 01, तारीख 14, वेळ 04 वाजून 30 मिनिटं. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे दहा. साडेपाच तासांचा हा फरक विसरून, सर्व्हर पहाटेपासून अडकलाय असं समजून रिस्टोअर करायला निघालेली माणसं असतात. त्यापुढे # या चिन्हांनी वेगळे केलेले तीन आकडे येतात, त्यांतला मधला हा तो बदल कुठल्या सर्व्हरवर झाला त्याचा क्रमांक. दोन्हीकडचं उत्तर अक्षरशः सारखं असेल तर प्रती जुळल्या आहेत. थोडा फरक दिसला तर मिनिटभराने पुन्हा विचारा, कारण मधल्या काळात कुणीतरी पासवर्ड बदललेला असू शकतो. फरक तसाच राहिला, तर आधी दोन्ही मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळतात का ते बघा, मग मागे पडलेल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये सर्टिफिकेटची मुदत संपल्याची किंवा पासवर्ड नाकारल्याची ओळ शोधा. स्लॅपकॅट आणि स्लॅपॲडने प्रत नव्याने भरायची वेळ त्यानंतर येते, आणि ती भरताना चांगल्या सर्व्हरवरची फाइल मागे पडलेल्यावर न्यायची आहे ना, हे मशीनचं नाव वाचून पुन्हा एकदा पडताळा.